पुराणिक सरांचे बुडते मासे

आमच्या गल्लीत पाण्याची टाकी प्रत्येकाच्या गच्चीवर होती. पुराणिक सरांच्या गच्चीवर टाकीशेजारी एक नळीही उभी होती. पारदर्शक, पंजाएवढी रुंद, माणसाच्या उंचीची. तळाला रबराचं बूच, बाहेरून फुटाफुटावर तेलरंगाच्या रेघा आणि वर तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. नळाला दर सहाव्या दिवशी पाणी यायचं, ते दिवस. अशा दिवसांत एक माणूस पंधरा-सोळा लिटर पाणी नुसतं उभं करून ठेवतो, पीत नाही, झाडांना घालत नाही, याचा अर्थ काय, यावर गल्लीत बरंच बोलणं होई. कुणी साठेबाजी म्हणे, कुणी करणी. सर ते पाणी शहराबाहेरच्या तलावातून कॅनमध्ये भरून स्कूटरवर आणतात हे कळल्यावर तर संशय आणखी वाढला.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात कनिष्ठ अभियंता होतो. तो तलाव माझ्याच हद्दीत येत होता, त्यामुळे माझा संशय गल्लीपेक्षा जरा जास्तच होता. तलावाचं आणि कार्यालयाचं नाव मी इथं लिहीत नाही. लपवण्यासारखं जे आहे ते माझं आहे, आणि ते मी लिहिणारच आहे.

पुराणिक सर आयटीआयमध्ये टर्नरचं काम शिकवून निवृत्त झाले होते. घराणं मूळचं भिक्षुकीचं. वडील गावोगाव पुराण सांगत. सरांनी पूजाअर्चा कधीच सोडली होती, पण खाणंपिणं सोडलं नव्हतं. चातुर्मासात त्यांच्या घरात कांदासुद्धा शिरत नसे. आणि हा माणूस आठवड्यातून तीनदा तलावावर जाऊन गळ टाकी. मासा लागला की त्याला ओल्या हातानं धरून नीट न्याहाळी आणि परत पाण्यात सोडून देई. खात नाही, विकत नाही, मग धरतो कशाला? या प्रश्नाचं उत्तर कुणालाच पटण्यासारखं सापडत नव्हतं. जो माणूस काहीतरी मिळवायला जातो त्याच्यावर लोक फार संशय घेत नाहीत. काहीच न घेता परत येणाऱ्यावर घेतात.

तसे सर स्वतःही कमी संशयी नव्हते. छापलेल्या कुठल्याच गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे. खात्री न झालेल्या मजकुरापुढं ते शिसपेन्सिलीनं छोटं प्रश्नचिन्ह काढून ठेवत. औषधाच्या बाटलीवरच्या मापापुढं, वर्तमानपत्रातल्या पावसाच्या आकड्यापुढं, कॅलेंडरवरच्या सूर्योदयाच्या वेळेपुढं. त्यांच्या निवृत्तीच्या कागदावर स्वतःच्या जन्मतारखेपुढंही मी ते चिन्ह पाहिलं आहे. काकूंच्या रेसिपीच्या वहीत ‘मीठ चवीपुरतं’ याच्यापुढं दोन प्रश्नचिन्हं होती. काकू म्हणायच्या, “लग्नपत्रिकेवर काढलं नव्हतं, एवढीच त्यांची मेहेरबानी.”

एका रविवारी सकाळी मी जिना चढून वर गेलो. म्हटलं, बघू तरी काय चाललंय. सर पाटावर बसून एका रबरी माशाच्या पोटात सुईएवढा शिशाचा तुकडा खोचत होते. वीतभर लांबीचा मासा, अंगात तीन ठिकाणी सांधे, शेपूट वल्ह्यासारखी. पाण्यातून ओढला की खऱ्यासारखा वळवळत पोहतो आणि मोठा मासा त्याला फसून गळाला लागतो. पाकिटावर त्याला स्विमबेट म्हणतात. आमच्या गल्लीत ‘सरांचा प्लॅस्टिकचा मासा’.

“कदम ना तू? बरा आलास,” सर म्हणाले. “हे घड्याळ धर. सोडला म्हटलं की दाबायचं, बुचाला टेकला की परत दाबायचं.”

त्यांनी फडकं काढलं, मासा नळीच्या तोंडाशी धरला आणि सोडला. मासा आडवाच, पोटावर, डुलत डुलत खाली गेला. मी आकडा सांगितला. “परत,” सर म्हणाले. असं तीनदा झालं. सोडताना ते स्वतःही ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होते, हे माझ्या लक्षात आलं. तिन्ही वेळा माझा आकडा त्यांच्या मोजणीशी जुळला. त्यांनी तो वहीत लिहिला. पुढं प्रश्नचिन्ह काढलं नाही.

“तुझा अंगठा खरा आहे,” ते म्हणाले.

त्यानंतर मी अनेक रविवारी वर गेलो. त्यांनी मला पुन्हा कधी ‘परत’ म्हटलं नाही. मी सांगितलेला आकडा एकदाच ऐकून ते लिहून टाकत. ज्या माणसाला सूर्योदयाची वेळ मान्य नव्हती, त्यानं माझा अंगठा मान्य केला होता. मला तेव्हा त्याचं फारसं काही वाटलं नाही. गंमत वाटली, एवढंच.

हळूहळू मला त्यांचा उद्योग कळला. पाकिटावर ‘सावकाश बुडणारा’ असं छापलेलं असतं. सर विचारत, कुठल्या पाण्यात? गरम का थंड? दोरा जाड होता का बारीक? गळ केवढा लावला होता? गळ एक नंबरानं मोठा लावला तरी मासा वेगळा बुडतो. म्हणून ते तलावाचंच पाणी आणत आणि प्रत्येक मासा त्याच पाण्यात सोडून बघत. मग शिसं घालून किंवा काढून त्याचा वेग ठरवत आणि काकूंच्या नेलपॉलिशनं त्याच्या डोक्यावर ठिपका देत. लाल ठिपक्याचा मासा भरभर बुडायचा, सरांच्या तोंडी मोजणीतल्या एका अंकाला एक फूट. पिवळा त्याच्या निम्म्यानं. पांढरा सगळ्यांत सावकाश, एक फूट जायला त्याला चार अंक लागायचे.

“मरळ वर बघत बसलेली असते,” सर सांगत. “तिच्या डोक्यावरून मासा गेला पाहिजे. लाल टाकलास तर तो सरळ गाळात जाऊन रुततो, तिला दिसतही नाही. आणि खोल पाण्यात पांढरा टाकलास तर तो तळाला जाईपर्यंत वारा दोरा ओढून नेतो. जिथं जसं पाणी, तिथं तसं बुडणं.”

हा नाद त्यांना कुठंही स्वस्थ बसू देत नसे. एकदा सर आणि काकू अजिंठ्याची लेणी बघायला गेले होते. फर्दापूरच्या हॉटेलात लिंबाचं सरबत आलं, तशी सरांनी खिशातून बोटाएवढा रबरी मासा काढला, रुमालानं पुसला आणि ग्लासात सोडला. घरी साध्या पाण्यात तळाला जाणारा तो मासा सरबतात मध्येच तरंगत राहिला. सरांनी मालकाला बोलावून सांगितलं, “साखर लई झाली.” मालकानं मासा बघितला आणि सरबताचे पैसेच घेतले नाहीत. काकू हे सांगताना डोळे पुसेपर्यंत हसत. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. साखर जास्त होतीच, असं ते म्हणत.

एकदा मी त्यांच्याबरोबर तलावावर गेलो. तिथले चौकीदार गफूरभाई. सरांविषयी मी हळूच चौकशी केली, तर ते म्हणाले, “साब, तीन साल से देखरा मैं इनको. मछली पकडते, उसको देखते, माफी मांगते, छोड देते. ऐसे आदमी पे शक क्या करना? और नक्को करना तो कैसा नक्को करना?”

सरांनी लाल ठिपक्याचा मासा लांब फेकला आणि मोजायला लागले. तेव्हा मला कळलं की ते ओठांत काय पुटपुटतात. केशव, नारायण, माधव, गोविंद. संध्येतली चोवीस नावं. संध्या सुटली होती, पण लहानपणी वडिलांनी हातावर छडी मारून बसवलेली लय राहिली होती. दर नावाला एकसारखा वेळ. ‘दामोदर’ म्हणताना मासा तळाला टेकला आणि दोरा सैल पडला. बारावं नाव. “बारा फूट,” सर म्हणाले आणि वहीत नोंद केली. तिथं धरणाच्या आधी मुरमाची खदान होती म्हणे.

त्यांच्या वहीत अख्खा तलाव होता. हातानं काढलेला, पण काठाचं प्रत्येक वळण जागेवर. जिथं जिथं त्यांनी मासा बुडवला होता तिथं तिथं एक आकडा आणि त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक ठिपका. मी म्हणालो, हे आकडे बघून तर कुणीही खोली सांगेल. तेव्हा त्यांनी माझ्याकडं जरा नापसंतीनं बघितलं.

“आकडा एकटा काही बोलत नाही, कदम. तो कुठल्या माशाचा, हे आधी विचारायचं.”

मी मान हलवली. मान हलवणं मला नोकरीत फार चांगलं जमायचं.

पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला. तलाव खाली गेला. शहर मात्र त्याच वर्षांत भराभर पसरत होतं. बायपासच्या पलीकडं जिथं ज्वारी असायची तिथं चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट पडले. तलावाच्या काठापर्यंत पाट्या आल्या. लोक म्हणू लागले, तलाव एकदा आटला की ही जमीनही कुणाच्या तरी घशात जाणार. त्या दिवसांत काठावर अनोळखी माणूस उभा दिसला तरी गावकरी त्याच्या गाडीचा नंबर लिहून ठेवत.

आणि त्याच काठावर पुराणिक सर रोज उभे. फेकायचं, मोजायचं, लिहायचं.

मार्च महिन्यात एका संध्याकाळी सर माझ्या घरी आले. चहा घेतला नाही. वही माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, तुमच्या कार्यालयात तलावात जूनपर्यंतचं पाणी आहे असं धरलंय, पण तेवढं ते नाही. पाणी किती उंच आहे ते तुमची मोजपट्टी सांगते. खाली गाळ किती चढलाय ते ती सांगत नाही. त्यांनी तीन वर्षांपूर्वीची पानं आणि आताची पानं शेजारी शेजारी लावून दाखवली. पाण्याची उतरण वजा केली तरी बऱ्याच ठिकाणी तळ चार-चार फूट वर आला होता. मे उजाडता उजाडता पंप कोरडे पडतील, असं त्यांचं म्हणणं होतं.

“वही घेऊन जा. साहेबांना दाखव. मी सांगितलं तर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? तू सांग.”

आता मला माझं सांगायला हवं. दर महिन्याला तलावावर जाऊन पट्टी वाचायची आणि साठ्याचा आकडा कळवायचा, हे माझं काम होतं. मी दोन वर्षं तिथं क्वचितच जात होतो. टेबलावर बसून मागच्या महिन्याच्या आकड्यातून अंदाजानं थोडं कमी करायचो आणि नवा आकडा भरायचो. सरांची वही खरी ठरली असती तर पहिला प्रश्न मलाच विचारला गेला असता. वही चार दिवस माझ्या बॅगेत राहिली.

पाचव्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक निनावी अर्ज होता. एक इसम तलावाची मापं घेत असतो, तो बिल्डरचा माणूस असावा, असा मजकूर.

“पुराणिक म्हणून कुणी आहे. तुमच्याच गल्लीतला म्हणे?” साहेब म्हणाले. “मासे धरतो आणि सोडतो, असं कुठं असतं का, कदम?”

मी तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की असतं साहेब, मी बघितलंय. घड्याळ मीच धरतो. त्याऐवजी मी बॅग उघडली आणि वही टेबलावर ठेवली. साहेबांनी नकाशा बघितला आणि शीळ घातली. त्यांच्या सांगण्यावरून मी एक टिपण लिहिलं. त्यात ‘सदर इसमाचा हेतू समजून येत नाही, सबब संशयास्पद वाटतो’ असं वाक्य आहे. ते वाक्य साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. ते माझं आहे.

सरांना पोलीस चौकीत बोलावलं. सकाळी अकरा ते दुपारी चार. गफूरभाई साक्षीला होते, त्यांनी नंतर सांगितलं. सरांची गळांची पेटी उलटी करून सगळे मासे टेबलावर मांडले होते. हवालदारानं विचारलं हे काय, तर सरांनी त्याला शिकवायला सुरुवात केली. दोन मासे चौकीच्या बादलीत सोडून फरक दाखवला. एक गळ हवालदाराच्या बोटात रुतला, तो सरांनीच हळूच काढून दिला. सोडताना त्यांना तंबी दिली, की तलावाकडं फिरकायचं नाही. सर दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, “तुमचं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे.”

मी हे ऐकून हसलो होतो. ते हसणं अजून कानात आहे.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो. सांगितलं, साहेबांनी वही मागून घेतली, माझा इलाज नव्हता. सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांनी कसलीच शंका घेतली नाही. “होतं असं,” म्हणाले. “वही जपून ठेवा म्हणावं. पावसात भिजली तर ठिपके उतरतील.” तलावाच्या फाटकावर त्याच आठवड्यात पाटी लागली, बाहेरच्या व्यक्तींना मासेमारीस मनाई.

एप्रिलच्या शेवटी, सरांनी सांगितल्याच्याही आधी, जॅकवेल उघडी पडली. जॅकवेल म्हणजे काठावरची ती विहीर, जिच्यातून पंप पाणी उचलतात. तलावाच्या मध्यात पाणी होतं, पण ते विहिरीपर्यंत येत नव्हतं. अशा वेळी सगळ्यांत खोल जागेपासून विहिरीपर्यंत चर खोदतात आणि राहिलेलं पाणी ओढून आणतात. प्रश्न होता, सगळ्यांत खोल जागा कुठली? आमच्या कार्यालयात धरण बांधतानाचा नकाशा होता, तो गाळानं कधीच खोटा पाडला होता. तेव्हा मला सरांची वही आठवली. मूळ वही चौकीत जमा होती. फाईलला तिचं झेरॉक्स होतं.

मी झेरॉक्स पसरलं आणि सगळ्यांत मोठा आकडा शोधला. बाभळींच्या बाजूला, बावीस. दुसरीकडं बारा, नऊ, आठ. एका अंकाला एक फूट, हे मी स्वतः सरांबरोबर उभं राहून बघितलं होतं. बावीस फूट म्हणजे हीच ती जुनी खदान, हे मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं. सर मला खदान कुठं दाखवत होते ते मला आता आठवत नव्हतं. काठ इतका मागं सरकला होता की तलाव ओळखूच येत नव्हता. पोकलेन आणलं आणि बाभळींच्या दिशेनं चर खोदायला सुरुवात केली.

नऊ दिवस खोदलं. त्या नऊ दिवसांत बायपासपलीकडच्या वसाहतींना आणि तलावाखालच्या गावाला पाणी मिळालं नाही. गावातल्या बाया घागरी घेऊन चराच्या कडेला येऊन बसत. भांडत नसत, नुसत्या बसत. एक म्हातारी मला रोज विचारायची, “सायब, आज येतंय व्हय पाणी?” नवव्या दिवशी पोकलेनचा पंजा बाभळींपाशी पोचला. तिथं गुडघाभर चिखल आणि वाळलेलं शेवाळ होतं. म्हातारी उठली, चिखल बघितला आणि म्हणाली, “इथं तर आमची पोरं म्हशी धुत्यात.”

मी सरांकडं गेलो. दार काकूंनी उघडलं. त्यांनी आत जाऊन सरांना पाठवलं. मी झेरॉक्स पुढं केलं. सरांनी चष्मा लावून बराच वेळ ते बघितलं.

“ठिपके कुठं आहेत?”

“हे काय सर, आहेत की.”

“हे सगळे काळे आहेत, कदम.”

झेरॉक्समध्ये लाल, पिवळा आणि वहीत मळून करडा झालेला पांढरा, तिन्ही काळेच उमटले होते. बाभळींपाशी शेवाळ असायचं, मरळ असायची, म्हणून तिथं सर नेहमी पांढरा मासा टाकत. पांढऱ्याचे बावीस म्हणजे जेमतेम साडेपाच फूट, तेही पाणी होतं तेव्हाचे. लाल माशाचे बारा दुसरीकडं होते. मी मूळ वहीत ते रंग माझ्या डोळ्यांनी बघितले होते. आकडा कुठल्या माशाचा हे आधी विचारायचं, हे मला सांगितलेलंही होतं.

सर त्याच पावली निघाले. पण फाटकापाशी येऊन थांबले. पाटीकडं बोट केलं. “मला मनाई आहे.” गफूरभाई म्हणाले, “सर, आप आओ ना अंदर, कौन बोलता देखतूं मैं.” सर हलले नाहीत. शेवटी मी डायरीचं पान फाडून परवानगी लिहून दिली. ‘आजच्या दिवसापुरती’ हे शब्द त्यात का लिहिले, ते मलाही सांगता येत नाही. सरांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आत आले.

त्यांनी आधी गफूरभाईंना बादलीभर पाणी आणायला सांगितलं. उरलेल्या पाण्यात इतका गाळ मिसळला होता की ते ताकासारखं दिसत होतं. लाल मासा त्यांनी बादलीत सोडला, ओठ हलवले, मान हलवली. “आज हा पण सावकाश जातोय.” पोटात आणखी एक शिशाचा तुकडा खोचला, परत सोडला. सगळे ताटकळत उभे होते, पोकलेनवाला घड्याळ बघत होता, साहेब गाडीत बसून होते. सरांना त्यातलं काही दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा मासा मनासारखा बुडाला, तेव्हा ते चिखलातून उरलेल्या डबक्याकडं चालत गेले.

एका ठिकाणी ‘माधव’ला दोरा सैल पडला. दुसरीकडं ‘गोविंद’ला. मग वारा थांबायची वाट बघून त्यांनी उजवीकडं, खडकाच्या पलीकडं फेकला. केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम. काठावर बसलेल्या बायांपैकी कुणीतरी हात जोडले. त्यांना वाटलं सर पाण्यासाठी देवाला आळवतायत. वामन, श्रीधर. दोरा सैल पडला.

“इथं,” सर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी चरातून पाणी जॅकवेलमध्ये आलं. पावसापर्यंत पुरलं.

इथंच हे संपलं असतं तर मी आज लिहायला बसलो नसतो. नऊ दिवस का वाया गेले, याचा खुलासा वरून मागवला गेला. साहेब म्हणाले, नीट लिहा, दोघांचीही मान त्यात अडकली आहे. मी लिहिलं, की एका खासगी व्यक्तीच्या दिशाभूल करणाऱ्या नोंदींमुळे सुरुवातीस चुकीच्या जागी खोदकाम झाले. नंतर कार्यालयाने स्वतंत्र मोजणी करून योग्य जागा निश्चित केली. खुलासा मान्य झाला. फाटकावरच्या मनाईच्या पाटीखाली सरांचं नावही आलं.

पावसाळ्यानंतर माझ्या टेबलावर एक अर्ज आला. सुवाच्य अक्षर, टर्नरकाम केलेल्या माणसाचं असावं तसं मोजून मापून. माझी वही परत मिळावी आणि तिच्यासंबंधीच्या फाईलच्या प्रती मिळाव्यात. वही चौकीत सापडली नाही. प्रती द्याव्या लागल्या. त्यात माझं ते टिपण होतं, ‘कनिष्ठ अभियंता यांनी स्वतःहून सादर केलेली वही’ असा उल्लेख होता आणि माझा खुलासाही होता. प्रत्येक पानावर ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून खाली सही करायची असते. ती सही मीच केली. अकरा पानं होती.

त्यानंतर वर्षभर मी गल्लीतल्या त्यांच्या घरावरून जाणं टाळलं. सरांनी कुणाकडं माझं नाव काढल्याचं ऐकलं नाही. मला ते बरं वाटत नव्हतं. त्यांनी चौकात उभं राहून मला दोन शब्द सुनावले असते तर मी खाली मान घालून ऐकले असते आणि घरी येऊन झोपलो असतो.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. तलाव भरला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी मी भाजी घेऊन परत येत होतो, तेव्हा वरून हाक आली.

“कदम, वेळ आहे का?”

मी जिना चढलो. गच्चीवर तीच नळी, तेच पांढरं फडकं. सर बारीक झाले होते. पाटावर नवे कोरे पाच-सहा मासे मांडून ठेवले होते, अजून कुणाच्याच डोक्यावर ठिपका नव्हता. नळीतलं पाणी स्वच्छ होतं, नळाचं. तलावाचं आणायला त्यांना आता कुणी देत नव्हतं.

मला काहीतरी बोलायचं होतं. जिना चढताना मी वाक्यही जुळवलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “हे टाकणार कुठं सर?”

“टाकायचं पुढं बघू. आधी बुडतो कसा ते तर कळू दे.”

त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. मासा नळीच्या तोंडाशी धरला. “सोडला.” मी दाबलं. मासा डुलत खाली गेला, बुचाला टेकला, मी परत दाबलं आणि आकडा सांगितला.

“परत,” सर म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. ते नळीकडं बघत होते. मासा दोऱ्यानं वर ओढून त्यांनी पुन्हा सोडला. मी पुन्हा आकडा सांगितला. तोच होता.

“परत.”

तिसऱ्या वेळी त्यांचे ओठ हलत होते. पहिल्या दिवशी हलले होते तसे. मी आकडा सांगितला. सरांनी नवी वही मांडीवर घेतली, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं आणि आकडा लिहिला. मग त्याच्या पुढं, सावकाश, अगदी लहानसं प्रश्नचिन्ह काढलं. पानावरची भुकटी फुंकून टाकली.

“हं, पुढचा,” ते म्हणाले आणि दुसरा मासा उचलून नळीच्या तोंडाशी धरला.

मी अंगठा बटणावर ठेवला.